एकशे बारा खजुरी, दोन अमिराती

सकाळी सव्वानऊ वाजता खल्फान बिन सुहैलचं घर, गोठा आणि एकशे बारा खजुरीची झाडं एका अमिरातीतून उठून दुसऱ्या अमिरातीत गेली. घर जागचं हललं नाही, झाडंही हलली नाहीत. हलली फक्त पेन्सिल. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण घाफा गावात त्या मंगळवारी एकच घड्याळ होतं आणि ते नकाशावाल्या साहेबाच्या मनगटावर होतं. गावाचा कारभार सूर्यावर चाले, आणि कोणाचं घर कधी कुठं गेलं याची नोंद सूर्य ठेवत नाही.

साहेबाचं नाव पेलिंग. उंच, उन्हानं लाल झालेला, अत्यंत सभ्य माणूस. किनाऱ्यावर तेल शोधणाऱ्यांना कुठल्या खडकाबद्दल कुठल्या शेखशी बोलायचं ते कळेना, म्हणून प्रत्येक अमिरात कुठं सुरू होते आणि कुठं संपते याच्या रेघा मारायला त्याला पाठवलं होतं. शाळेत बसून दोन वर्षं घासून तो अरबी शिकला होता, त्यामुळे त्यानं दुभाषा बरोबर घेतला नव्हता. सगळ्या घोटाळ्याचं मूळ तिथंच आहे. दुभाषा असता तर त्यानं अर्थ सांगितला असता. साहेबाला फक्त शब्द कळत.

दोन्ही बाजूंच्या शेखांनी आपापला एक साक्षीदार त्याच्याबरोबर दिला होता. घाफा गाव रास शुवैबच्या शेखचं, हे गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं. पण रास शुवैबचा साक्षीदार, म्हातारा धाही, मागच्याच गावात अडकला. तिथं त्याच्यासाठी बोकड कापला होता, आणि आपल्यासाठी कापलेला बोकड टाकून उठणं कोणत्याच भल्या माणसाला जमत नाही. म्हणून साहेबाबरोबर खल्फानच्या दारात आला तो एकटा हुमैद. शेजारच्या खोर मिदादच्या शेखचा कारकून. वय तेवीस, मिशी नवी, आणि या घरात पहिल्यांदाच आलेला पाहुणा.

पाहुणा दारात आला की आपलं काय आहे आणि किती आहे याचा हिशेब ज्यांच्या डोक्यातून निघून जातो, अशांपैकी खल्फान एक होता. त्यानं कॉफी ओतली, खजुराची परात पुढं सरकवली.

"हे गृह कोणाचे आहे?" साहेबानं वही उघडून विचारलं.

खल्फाननं कॉफीचा पेला हुमैदच्या हातात दिला आणि म्हणाला, "ह्याचं. हे हुमैदचंच घर आहे."

"अल्लाह तुमचं घर भरलेलं ठेवो, काका," हुमैद म्हणाला. याला दुसरं उत्तर नसतंच.

साहेबानं लिहून घेतलं. "आणि ती वृक्षराजी?"

"तीही त्याचीच."

"सर्व?"

खल्फानला हा प्रश्न थोडा टोचला. पाहुण्याला निम्मी झाडं देणारा माणूस तो नव्हता. "सगळी. एकशे बारा. गोठ्यातल्या शेळ्यापण. हवं असेल तर मीपण."

"आपली नोंद मी पृथक् करीन," साहेब म्हणाला. "आता सांगा, ही अमिरात कोठपर्यंत जाते?"

खल्फान विचारात पडला. अमिरात ही जमिनीवर अंथरलेली सतरंजी असते, असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. त्याच्या लेखी ती हिंडती गोष्ट होती. शेख आले, माणसं उठून उभी राहिली, की अमिरात आली. शेख जेवून गेले की गेली. मधल्या काळात तिथं फक्त झाडं असत. पण पाहुणा उत्तराची वाट बघत होता, म्हणून त्याला सुचलं ते सर्वांत शोभेसं उत्तर त्यानं दिलं.

"जिथवर पाहुण्याची नजर जाईल, तिथवर."

घरातल्या बायकांकडे नजर जाऊ नये म्हणून हुमैद त्या वेळी बागेच्या पलीकडच्या कुंपणाकडे बघत होता. साहेबानं त्याच्या नजरेच्या रोखानं पाहिलं आणि कुंपणावरून रेघ मारली. मग सगळं वाचून दाखवलं. "आपण असेच वदलात ना?"

"अगदी असंच," खल्फान म्हणाला आणि बोटातल्या अंगठीचा शिक्का कागदावर उमटवला. साहेब आपल्या पाहुणचाराची नोंद करतो आहे, अशी त्याची समजूत होती. उंटाचा उल्लेख राहून गेला, याची त्याला थोडी चुटपुटही लागली.

दुपारच्या नमाजाआधी धाही गाढवावरून पोचला. बोकड अजून त्याच्या डोळ्यांवर होता. साहेबाच्या नकाशावर त्यानं एक नजर टाकली. रास शुवैबला हिरवा रंग होता, खोर मिदादला लाल. हिरव्याच्या मधोमध एक लाल ठिपका होता, मुंगी चावल्यासारखा.

"बू मतर," धाही हळूच म्हणाला, "तू खोर मिदादमध्ये काय करतोयस?"

"मी? चाळीस वर्षांत मी तिकडे पाऊल टाकलेलं नाही."

"टाकायची गरजच नाही. तेच आलंय इकडे."

हे ऐकून खल्फान हसला. ज्याच्या नावावरून गाव त्याला 'बू मतर', म्हणजे मतरचा बाप, म्हणे, तो थोरला मुलगा मतर कुवेतला नोकरीला गेल्यापासून तो असाच, न कळलेल्या गोष्टींना हसत असे. हसू थांबवलं ते सैफनं. सैफ हा त्याच्या बायकोचा भाऊ आणि गावचा पाटकरी. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाटानं गावात येई आणि अकरा बागांना अकरा दिवसांत पाळीपाळीनं मिळे. कोणाच्या बागेच्या तोंडाशी पाट अडवणारा दगड कधी काढायचा आणि कधी लावायचा, हे काठीच्या सावलीवरून एकटा सैफ ठरवी. तीस वर्षांपूर्वी खोर मिदादच्या लोकांशी पाण्यावरून मारामारी झाली होती. तेव्हापासून गावाचा एक नियम होता. झरा ज्या अमिरातीचा, पाणी त्याच अमिरातीच्या माणसाला. सैफ हा नियम दिवसातून दोनदा सांगे, कोणी विचारलं नाही तरी.

"शनिवारी तुझी पाळी होती," सैफ म्हणाला.

"होती म्हणजे? आहे."

"आपल्या माणसांची असते, बू मतर. तू आता तिकडचा."

"अरे, माझ्या घरात बसून माझीच कॉफी पितोयस तू."

"तेच म्हणतो. आज चव जरा परदेशी लागतेय."

फाल्गुनातली उन्हं चढू लागली होती. नुकताच मोहर आलेला. या पाळीला पाणी चुकलं तर मागच्या पाण्यापासून पुढच्या पाण्यापर्यंत बावीस दिवस, आणि बावीस दिवस कोरडी राहिलेली खजूर फळ धरत नाही, हे खल्फानला कोणी सांगायला नको होतं. त्यातली चाळीस झाडं त्यानं मतर जन्मला त्या साली लावली होती. त्याचं हसू गेलं.

पडद्याआडून शम्साचा आवाज आला. शम्सा म्हणजे त्याची बायको. "बू मतर, मला एवढंच सांगा, आता मी कोणाच्या राज्यात भाकरी भाजतेय?"

"तू गप्प बस."

"मी गप्पच होते. तुम्ही गप्प बसला असतात तर घर राहिलं असतं."

दुपार कलल्यावर सगळे पुरुष खल्फानच्याच बैठकीत जमले, आणि अमिरात म्हणजे नेमकं काय यावर खल झाला. धाहीच्या मते शेखच्या तलवारीचा धाक जिथवर, तिथवर अमिरात. यावर कोणीतरी आठवण करून दिली की शेखची तलवार गेल्या ईदेला म्यानातून निघाली नव्हती, गंजली होती. सैफचं मत साधं होतं. "अमिरात म्हणजे शेखचं पोट. ज्यांच्याकडे तो जेवतो आणि ज्यांना तो जेवू घालतो, तेवढी."

"मग घाफा कोणाचंच नाही," शम्सा आतून म्हणाली. "जेवून सगळे जातात. जेवायला कोणी बोलावलेलं मला तरी आठवत नाही."

बुधवारी सकाळी खल्फान गाढवावर बसून साहेबाच्या तंबूवर गेला. साहेबानं त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि खिशातून खोडरबर काढलं. बदल करायला त्याची काही हरकत नव्हती. नियम एकच होता, दुरुस्ती साक्षीदाराच्या समोर व्हायला हवी. त्यानं हुमैदला हाक मारली. हुमैद कॉफीचं भांडं घेऊनच आला.

"हुमैद, बाळा," खल्फाननं सुरुवात केली, "काल मी जे बोललो ना..."

"ते मी जन्मात विसरणार नाही, काका."

"विसरलास तरी चालेल."

"कसं विसरू? तुमचे शब्द माझ्या वहीत पहिल्या पानावर उतरवून ठेवलेत. आईला दाखवणार आहे."

साहेबानं एका हातात पेन्सिल आणि एका हातात रबर धरलं. "आपण केवळ इतकेच म्हणावे. हे गृह याचे नाही."

खल्फाननं तोंड उघडलं. समोर हुमैद पेला पुढं करून उभा होता, त्याच्या नव्या मिशीवर कॉफीचा एक थेंब होता. 'हे घर तुझं नाही.' असं वाक्य खल्फानच्या बापानं कधी म्हटलं नव्हतं, आज्यानंही नव्हतं. चोरालासुद्धा त्यानं एकदा आधी पाणी विचारलं होतं.

"घर तर त्याचंच आहे, साहेब," तो म्हणाला. "पण मी काय म्हणतो, ते लिहायलाच पाहिजे का?"

हुमैद काही बावळट नव्हता. काय घडलंय ते त्याला कालच कळलं होतं, आणि तोही रात्रभर तळमळला होता. यजमान घर देतो म्हणाला तर 'नको' कसं म्हणायचं, हे त्यालाही कोणी शिकवलेलं नव्हतं. त्यानं भांडं खाली ठेवलं. "काका, मीच तुम्हाला ते परत देतो. झालं?"

खल्फानचा चेहरा लाल झाला. "परत? दिलेलं परत घेणारे आम्ही नव्हे, पोरा. तुमच्याकडे घेत असतील."

साहेबानं रबर खिशात ठेवलं.

परतीच्या वाटेवर अर्ध्यात आल्यावर खल्फानला आपण काय केलं ते कळलं. घरी गेल्यावर शम्सानं विचारलं, "खोडलं?"

"जवळजवळ."

"म्हणजे शेळ्यापण त्याला देऊन आलात."

इकडे हुमैदला वाटलं, आपल्याला हे दान नाकारता येत नाही, पण आपल्या शेखना येईल. त्यानं उंटावर खोगीर घातलं आणि गुरुवारी पहाटे निघाला. खोर मिदादचे शेख अर्ध्या दिवसाच्या अंतरावर ससाण्यांची शिकार करत होते, म्हणजे ससाण्यांकडून शिकार करवून घ्यायचा प्रयत्न करत होते. तीन दिवसांत ससाण्याला एक पाखरू मिळालं नव्हतं, आणि शेख कोणाचंतरी काहीतरी कापण्याच्या बेतात होते. हुमैदनं चाचरत सगळं सांगितलं.

"रास शुवैबचा एक साधा माणूस," शेख म्हणाले, "मला घर आणि एकशे बारा झाडं देतो?"

"हुजूर, तो तसं सहज म्हणाला..."

"सहज म्हणाला म्हणूनच. आणि मी त्याला काय देऊ? पिसं?" त्यांनी आजूबाजूला पाहिलं. दरबारी लोक वाळूकडे बघू लागले. "सफरा कुरण माझ्या भावाला, रास शुवैबच्या शेखना दिलं. आपल्या माणसाच्या दिलदारीबद्दल. लिही."

या भावाशी त्यांची शेवटची बातचीत नऊ वर्षांपूर्वी झाली होती, तीही बंदुकीनं. पण हुमैदनं लिहिलं. एक प्रत साहेबाला गेली, आणि साहेबानं चार कोसांचं कुरण हिरवं रंगवलं.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर धाही रास शुवैबच्या किल्ल्यात आपल्या शेखसमोर उभा होता. खल्फानच्या घराची भानगड हळुवारपणे कशी मांडायची, हे त्यानं वाटेत चारदा घोकलं होतं. पण त्याच्या आधी कुरणाचं पत्र पोचलेलं होतं.

"तो मला कुरण देतो?" शेख म्हणाले. "मला? त्याच्या बापानं आमच्या तहानलेल्या उंटांना हाकलून लावलं, तेव्हा कुठं होतं हे कुरण?"

"हुजूर, त्यामागं एक छोटीशी गोष्ट आहे. घाफा गावात..."

"घाफा. बरं आठवलं. घाफाच्या वरचा तो काळा डोंगर त्याला देऊन टाक. म्हणावं, आम्ही गवत देत नाही, डोंगर देतो."

त्या डोंगरात घाफाचा झरा आहे, हे सांगायला धाहीनं तोंड उघडलं. पण शेख दान देत असताना मध्ये बोलणं म्हणजे दानाला बोट लावणं. धाहीनं तोंड मिटलं. शेखना झरा आठवला नाही, यात त्यांचा दोष नव्हता. ते डोंगरावर कधी चढले नव्हते, आणि पाणी त्यांना लहानपणापासून सुरईतच भेटत आलं होतं.

सूर्य मावळायच्या आत धाही घाफात पोचला आणि बातमी सांगितली. सैफच्या ओठांची हालचाल तेवढी दिसत होती. तो मनात अकरा बागा मोजत होता.

"सैफ," खल्फान गोड आवाजात म्हणाला, "तुझा तो नियम काय आहे? परत सांग ना. वयामुळं विसरायला होतं."

"कुठला?"

"पाण्याचा. रोज दोनदा सांगतोस तो."

सैफनं घसा साफ केला. "झरा ज्या अमिरातीचा..."

"हं."

"...पाणी त्याच अमिरातीच्या माणसाला."

"आणि झरा आता?"

"खोर मिदादचा."

"आणि या गावात खोर मिदादचा माणूस कोण, मला जरा बोट करून दाखव."

बैठकीतल्या सगळ्या बागवाल्यांनी खल्फानकडे पाहिलं. मंगळवारी ज्यांनी त्याच्या सलामाला अर्धंच उत्तर दिलं होतं, त्यातले तिघे पुढं सरकून बसले. एकानं त्याच्या पाठीमागं उशी सारली.

"म्हणजे आता माझा भाऊ परदेशी," शम्सा पडद्याआडून म्हणाली. "सैफ, आलासच आहेस तर जेवून जा. परक्या मुलखात उपाशी राहू नये."

खल्फाननं ही मजा एक पेला कॉफी संपेपर्यंत चाखली. त्याहून जास्त त्याला झेपलं नसतं. मग तो म्हणाला, "पुरे झालं. उद्या सूर्य वर आला की नेहमीसारखा माझा दगड काढ. रविवारी पुढच्याचा. शेख लोकांचं शेखांना बघू दे."

"मी नाही काढणार," सैफ म्हणाला.

"का?"

"परक्या अमिरातीच्या पाण्याला हात लावणं म्हणजे चोरी. तेपण नियमातच आहे."

"नियम तुझ्या बापानं केलाय."

"म्हणून तर मोडता येत नाही. दगड तूच काढ. तुझंच पाणी आहे."

यावर बैठकीतले सगळे एकदम चुळबुळले. बागवाल्यानं आपल्याच पाटाचा दगड आपल्या हातानं काढायचा नाही, ही रीत पाटाइतकीच जुनी होती. ज्यानं काढला त्याच्या सोयरिकी तुटल्या होत्या, आणि त्याच्या नातवंडांना अजून 'दगडवाले' म्हणत. खल्फाननं मान हलवली. धाहीला विचारलं, तर तो रास शुवैबचा, म्हणजे सैफइतकाच परका. आपल्या शेखकडून परतलेल्या हुमैदला विचारलं. खोर मिदादचा असा गावात तो दुसराच माणूस होता. हुमैद लगेच उठला, पण खल्फाननंच त्याला हात धरून खाली बसवलं. पाहुण्याकडून काम करून घ्यायचं नाही.

"परंतु ते आपल्या मते त्याचेच गृह आहे ना?" कोपऱ्यातून साहेबानं विचारलं. खल्फाननं त्याचा पेला पुन्हा भरला.

शनिवारी सूर्य डोंगरावर आला तेव्हा अख्खं गाव पाटाच्या काठावर उभं होतं. सैफनं सवयीनं काठी रोवली आणि मग हात पाठीमागं बांधून दोन पावलं मागं सरकला. दगड जागच्या जागी होता. खल्फान त्याच्यापासून एका हातावर उभा होता. त्याच्या मागं एकशे बारा झाडांची आळी कोरडी पडली होती, कडेनं भेगा दिसत होत्या.

पाण्याला मात्र या गोष्टी कोणी समजावल्या नव्हत्या. आदल्या दिवसाची पाळी सलामा नावाच्या एकट्या म्हातारीची होती. तिच्या बागेचा दगड लावायलाही कोणी हात पुढं केला नाही, म्हणून पाणी तिच्याकडेच वाहत राहिलं. तिचा लसूणघास आधी भिजला, मग बुडाला. कोंबड्या भिंतीवर चढल्या. सलामा उंबऱ्यात पाय पाण्यात सोडून बसली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "दोन्ही शेखना अल्लाह उदंड आयुष्य देवो. माझ्या नवऱ्याच्या हयातीत एवढं पाणी कधी बघितलं नाही."

"बू मतर, झाडं बघताय ना?" शम्सा घरातून ओरडली.

"बघतोय."

"मग काढा तो दगड. सोयरिकी कोणाच्या तुटणार आहेत? मुलगा कुवेतला आहे."

खल्फान वाकला. बोटं दगडाला लागली. सगळं गाव बघत होतं. बागवाल्यांपैकी दोघांनी सभ्यपणे पाठ फिरवली. इतक्यात उत्तरेकडच्या वाटेवरून एक सांडणीस्वार आला. खोर मिदादचे शेख दिलेल्या डोंगराचे आभार मानायला जातीनं येत होते. बरोबर चाळीस माणसं. तो उतरतो न उतरतो तोच दक्षिणेकडून दुसरा आला. रास शुवैबचे शेखही निघाले होते, बावन्न माणसं घेऊन, कारण पहिले निघाल्याचं त्यांना कळलं होतं. दोघंही खल्फानच्याच घरी उतरणार होते.

"तिथे यजमान कोण असणार?" साहेबानं विचारलं. त्याची पेन्सिल तयार होती, पण रेघ पक्की करायची शाईची दौत आता तो बरोबर आणत नसे.

ज्याची जमीन तो यजमान, हे उघड होतं, आणि यजमानपण सोडायला दोघांपैकी एकही शेख तयार झाला नसता. खल्फान सरळ उभा राहिला. ब्याण्णव माणसं आणि दोन शेख पाहुणे येत असताना चिखलानं हात भरून घेणं बरं दिसलं नसतं. त्यानं बोटं लुंगीला पुसली आणि सैफला विचारलं, "तुझ्याकडचं मोठं पातेलं देशील का?"

"देईन," सैफ म्हणाला. "पातेल्याला नियम नाही."

साहेबाच्या घड्याळात अकरा चाळीस झाले तेव्हा उत्तरेला आणि दक्षिणेला अशा दोन ठिकाणी धूळ दिसू लागली होती. शम्सानं दोन्ही पातेली चुलीवर चढवली होती आणि कोणत्या शेळ्या कापायच्या, हे ती हुमैदला विचारत होती, कारण कागदावर त्या त्याच्या होत्या. काठीची सावली खल्फानची पाळी संपायच्या खुणेपासून दीड वीत उरली होती. पाणी अजून सलामाच्या लसूणघासात होतं.